पुंडलिकनगरची हिरवी गल्ली

शहरातल्या नागरी जलसमाधान कक्षाच्या वेबपानावर 'पाणी आले नाही' अशी एक कळ होती आणि लोक ती दाबत असत. ही गंभीर त्रुटी कक्षप्रमुख नीरजा मॅडमच्या लक्षात आली. त्यांनी कक्षात जावा या संगणकभाषेचे काम पाहणाऱ्या धम्मपालला बोलावले.

"दिसते म्हणून दाबतात," मॅडम म्हणाल्या. "जिथं पाणी नाही, तिथंच कळ दिसली पाहिजे."

धम्मपालने एक खास टॅग लिहिला. टॅग म्हणजे पानात ठेवलेली खूण. पान कोणाच्या मोबाइलवर पाठवायचे झाले की सर्व्हर ती खूण वाचतो आणि तिथे काय काढायचे, की काहीच काढायचे नाही, हे आयत्या वेळी ठरवतो. प्रश्न एवढाच उरला, की पाणी आले नाही हे टॅगला कळणार कसे? नळांना मीटर नव्हते. तेव्हा तक्रार आली तर पाणी नाही, तक्रार नसेल तर पाणी आहे, असे बैठकीत एकमताने ठरले.

"पण मॅडम, तक्रार करायला कळ लागते."

"पाणी नसेल तर दिसेलच की."

टॅग बसला आणि पाणी असलेली गल्ली हिरवी, नसलेली लाल दाखवणाऱ्या पानावरच्या नकाशात सगळे शहर हिरवे झाले. नळांना मात्र याची वर्दी पोचली नव्हती.

पुंडलिकनगरात धम्मपालच्या शेजारी वच्छलाबाई राहतात. शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या पोरांचे डबे करून त्यांचे घर चाले. पाण्याविना डबा होत नाही, अशी त्यांची जुनी समजूत आहे.

"धम्मपाल, ते बटन कुठं गेलं रे बाबा?"

"मावशी, तुमच्याकडं पाणी आलंय, म्हणून दिसंना."

"व्हय? मग ही भांडी काय थुंकीनं घासू?"

त्या तडक कक्षात गेल्या आणि कागदावर अर्ज देऊन आल्या. कागदाला टॅग नसल्याने तो स्वीकारावा लागला. गल्ली लाल झाली.

त्यानंतर पाणी आले नाही, सदाशिवराव आले. हे त्याच गल्लीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी घर विकायला काढले होते आणि हिरवी गल्ली पाहून ठरलेले गिऱ्हाईक लाल गल्ली पाहून फिरले होते.

"आम्हीही टँकरच घेतो, पण बोंब मारतो का?" ते म्हणाले. "एका घरापायी अख्ख्या गल्लीचा भाव पाडायचा?"

जमलेल्या सगळ्या गल्लीने माना डोलावल्या. धम्मपालनेही डोलावली, कारण त्याचेही घर याच गल्लीत होते. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

गल्लीचे गाऱ्हाणे कक्षात गेले आणि मॅडमनी तोडगा काढला. टॅगमध्ये 'पाण्यास अनिच्छुक घर' असा एक नवा गुणधर्म घातला गेला आणि वच्छलाबाईंचे घर मोजणीतून वगळले. गल्ली पुन्हा हिरवी झाली. वच्छलाबाईंच्या मोबाइलवर पान आता कोरेच उघडते.

"यात तर आता कायबी दिसंना," त्या म्हणाल्या. "डबे बंद पडले तर मी खाऊ काय?"

धम्मपालला मनापासून वाईट वाटले. त्याने पान बंद करून पुन्हा उघडायला सांगितले.

डबे बंद पडले. सदाशिवरावांचे घर चढ्या भावाने गेले. नवे मालक राहायला आले, त्यांनी नळ सोडला, नळ फुसफुसला. ते मोबाइलवर कळ शोधू लागले, तेवढ्यात गल्लीतली शहाणी माणसे पेढे घेऊन दारात आली.

"तक्रारीचं मनात आणू नका," त्यांतले एक गृहस्थ मायेने म्हणाले. "उद्या तुम्हालाही विकायचंच असेल ना?"

मालकांनी मोबाइल खिशात टाकला आणि टँकरवाल्याचा नंबर विचारला. तुमच्याकडे तो असेलच.