काकूंचे कुंकू आणि माझी शाई

"स्टुडिओत कशाला जाता, काका? फोटो मी घरी छापतो. शंभर वर्षे रंग हलणार नाही!"

आयुष्यात इतके ठाम वाक्य मी प्रथमच बोललो. एरवी दुकानात काडेपेटी मागतानाही मी चाचरतो.

गेल्या वर्षी महादेवीकाकू गेल्या. त्यांचा फोटो मी बाटलीतल्या स्वस्त शाईने, त्याहून स्वस्त चकचकीत कागदावर छापला. "काच नको, कागदच काचेसारखा आहे," हे ज्ञानही मीच दिले. शिवप्पाकाकांनी तो अणदूरच्या आपल्या किराणा दुकानात गल्ल्याच्या वर लावला. दुकानाचे तोंड पश्चिमेला. रोज दुपारी ऊन येऊन काकूंच्या चेहऱ्यावर अलगद टेके आणि ते पाहून माझे मन हळवे होई. ते ऊन तिथे काय खात होते, हे मात्र मला उमगले नाही!

वर्षाच्या कार्याच्या आदल्या सकाळी काकांचा फोन आला.

"सोम्या, मी मेलोय का रं?"

"नाही, काका!"

"मग तुझ्या काकूचं कुंकू कुठं गेलं?"

मी धावलो. त्या शाईतला लाल रंग उन्हाने उडाला होता. काकू कैरीसारख्या हिरवट झाल्या होत्या आणि कपाळ कोरे! सवाष्ण गेलेल्या बाईचे कपाळ कोरे, आणि खाली तिचा नवरा साखर जोखतो आहे!

"सकाळधरनं तीन गिऱ्हाइकं मला निरखून गेली! एकानं तर विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं? उद्या तिच्या माहेरची येत्याल. काय सांगू त्यास्नी?"

"काका, शाई हलकी होती. शिवाय कागद..."

"कागदावर ढकलू नगं! शंभर वर्षं म्हनला हुतास. एक बी झालं न्हाय अजून!"

मला भांडता येत नाही. मी आतल्या आत जळत होतो. शाईवर, उन्हावर आणि सर्वांत अधिक माझ्या त्या एका वाक्यावर.

इतक्यात काकांच्या थोरल्या बहीण, शांताक्का, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "कशाला वरडायलास, शिवप्पा? कुंकू न्हाय, तर लावायचं!"

"आत्या, ओले बोट लावू नका!"

माझे दुसरे ठाम वाक्य. ते कोणी ऐकले नाही.

बोट टेकताच शाई विरघळली. भुवया घसरून नाकाशी भिडल्या, कुंकू डोळ्यांत उतरले. काकू अशा काही संतापल्या, की आत्या दोन पावले मागे सरल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या!

मी तडक नळदुर्ग गाठले. मित्राकडे उन्हाला दाद न देणारी महागडी शाई होती, जाड कागद होता. संध्याकाळी काचेच्या चौकटीतल्या हसऱ्या, तेजस्वी काकू मी काकांपुढे ठेवल्या. कुंकू ठसठशीत!

काकांनी चौकट उजेडाला धरली.

"ही कोन?"

"काकूच."

"इतकी गरीब कधी हुती रं ती? मला साखरेची बिमारी. मी साखरेत बोट घातलं, की..." त्यांनी ओघळलेला फोटो उचलला. "अशी बघायची!"

त्यांनी माझी चौकट उघडली, नवा फोटो काढून माझ्या हातात दिला आणि जुना आत बसवला. मग तो आतल्या, सावलीतल्या भिंतीवर टांगला.

"सोम्या, ह्यो टिकंल न्हवं शंभर वर्षं?"

या वेळी मी ठाम वाक्य टाळले, चाचरत काडेपेटी मागितली आणि घरी आलो.