छतावरचं बदक

"चाळीस वर्षं झाली, माझ्यासमोर एकही पोरगं सुईला रडलेलं नाही!" शनिवारी सकाळी आरशापुढे टाय आवळत डॉक्टरांनी जाहीर केलं.

आणि हे अक्षरशः खरं होतं. पोरगं भोकाड पसरेपर्यंत डॉक्टर शेजारच्या खोलीत पसार झालेले असत. ते भोकाड ऐकायला, नाक पुसायला आणि आयांची बोलणी खायला मागे उरायच्या त्या सिस्टर. तीस वर्षं त्या बिचाऱ्या हेच करत आल्या होत्या.

डॉक्टरांची सगळी कारकीर्द एका बदकावर उभी होती. तपासायच्या टेबलाच्या बरोब्बर वर, छताला, एक पिवळं कापडी बदक टांगलेलं होतं. त्याची दोरी भिंतीवरून खाली येऊन डॉक्टरांच्या पायाशी एका लाकडी पट्टीला बांधलेली. पट्टी दाबली की बदक पंख फडफडवी आणि पोटातून 'प्यँक!' असा आवाज काढी. "ते बघ, वर बदक!" डॉक्टर म्हणत. पोरगं वर बघे. सुई आत! बदक छताला काय करतंय, हा साधा प्रश्न चाळीस वर्षांत कुणीही विचारला नाही, कारण विचारायला तोंड उघडेपर्यंत त्यातून किंकाळी बाहेर पडे. "काही नाही, काही नाही! मुंगी चावली!" असं म्हणत डॉक्टर सटकत.

गाव त्यांना बदकडॉक्टर म्हणे. डॉक्टरांना वाटे, प्रेमाने म्हणतात.

सगळं छान चाललं होतं, पण वर्षापूर्वी रस्त्याच्या पलीकडे एका तरुण बाईने दवाखाना थाटला. डॉक्टर तिचा उल्लेख फक्त 'समोरची' असा करत. या समोरचीकडे ना बदक, ना गोळ्या-चॉकलेटं. ती पोरांना सरळ सांगायची, "दुखणार. तीन आकडे मोजेपर्यंत. रडायचं असेल तर रड."

"पोरांना खरं सांगते!" डॉक्टर जेवताना हात थांबवून म्हणत. "याला काय वैद्यकी म्हणायचं? उद्या म्हणेल, औषध कडू आहे!"

पण बघता बघता निम्मी पोरं रस्ता ओलांडून गेली होती. उरली होती फक्त शाळा. शाळेच्या फाटकावर तीस वर्षं एक पाटी होती, 'शाळेचे डॉक्टर' आणि खाली त्यांचं नाव. रोज सकाळी फिरायला जाताना डॉक्टर मुद्दाम त्या फाटकावरून वळसा घेत आणि पाटी वाचत. ती पाटी गेली तर आपण कोण, हा विचार मनात आला की ते ती पुन्हा एकदा वाचत. आणि नेमकं आज, लसटोचणीच्या दिवशी, पालकांसमोर दोघांनाही बोलावून पाटीवर कुणाचं नाव राहायचं ते शाळा ठरवणार होती!

"काळजी कसली?" डॉक्टर बायकोला म्हणाले. "मुख्याध्यापिकेला गोवरातून मी उठवलंय. पालकांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेत. आणि मी बदक घेऊन जातोय!"

"अहो, ते बदक इथेच राहू दे," बायको म्हणाली. "त्याचा एक डोळा कोटाच्या बटणाचा आहे."

"सर, खरंच राहू दे," घरालगतच्या दवाखान्यातून सिस्टरही म्हणाल्या. "मोठी माणसं असणार तिथे."

"मोठी माणसंच तर ओळखतील त्याला!" डॉक्टर गरजले. आपण किती खरं बोललो, हे त्यांना तासाभराने कळायचं होतं.

बदक सलाईनच्या स्टँडला टांगून, पट्टीसकट, गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून नेण्यात आलं. शाळेच्या सभागृहात तीनशे मुलं जमिनीवर बसलेली, मागे खुर्च्यांवर पालक. खुर्च्यांच्या पहिल्या ओळीत मुख्याध्यापिका, फौजदारसाहेब आणि बँकेचे मॅनेजर. डॉक्टरांनी बदकाचं स्टँड टेबलामागे चादरीखाली झाकून ठेवलं. योग्य वेळी चादर ओढायची, असा बेत!

समोरची आधी बोलली. अर्धा मिनिट. "आज सुई आहे. दुखेल. तीन मोजायचे, मग जातं. मी तुमच्याबरोबर मोजेन." एवढं बोलून ती खाली बसली. एक-दोन मुलांनी लगेच मुसमुसायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मिशीत हसून घेतलं.

मग ते उठले. "बाळांनो! दुखणारबिखणार काही नाही! मुंगी चावते मुंगी!"

पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला. "तुम्हाला पण मुंगीच चावते?"

"अर्थात!"

"शेवटची कधी चावली?"

शेवटची सुई डॉक्टरांनी सहावीत असताना घेतली होती, तीसुद्धा दोन मामांनी धरून ठेवल्यावर! पण तीनशे पोरं बघत होती, पालक बघत होते, आणि मुख्य म्हणजे समोरची बघत होती. डॉक्टरांच्या तोंडाने डॉक्टरांना न विचारताच उत्तर दिलं, "आत्ता! तुमच्यासमोर! सिस्टर, मला धनुर्वाताचं इंजेक्शन द्या!"

टाळ्या पडल्या. सिस्टरनी शांतपणे बाटली उघडली. डॉक्टरांनी बाही वर केली, सुई पाहिली आणि त्यांच्या कपाळावर घाम तरारला. थोडा वेळ काढायला हवा होता. त्यांनी घाईघाईने चादर ओढली. "आणि भीती वाटलीच, तर आपला जुना दोस्त आहेच! ते बघा, वर बदक!" असं म्हणून त्यांनी पट्टी दाबली.

प्यँक!

मुख्याध्यापिका दोन्ही हात डाव्या कुल्ल्यावर दाबून ताडकन उभ्या राहिल्या. फौजदारसाहेबांनी टोपी काढून पाठीमागे धरली. बँकेचे मॅनेजर खुर्चीसकट उजवीकडे कलंडले. मागच्या ओळींतून बाप्ये आणि बाया डावी बाजू चोळत उठू लागल्या. एक गृहस्थ तर थेट दाराकडे धावले आणि स्वतःच्या मुलाला न्यायचंही विसरले!

तीनशे पोरांनी माना वळवून हे पाहिलं. चोर पकडणारा फौजदार ढुंगण झाकून उभा! मग आपलं काय होणार? पहिली किंकाळी पहिलीच्या वर्गातून आली आणि पाठोपाठ सगळं सभागृह रडायला लागलं.

"काही नाही, काही नाही!" डॉक्टर ओरडले. "मुंगी चावेल फक्त!"

हे शब्द कानावर पडताच जे दोन-चार पालक अजून बसून होते, तेही उठले.

डॉक्टरांनी ही संधी साधली. बाही खाली करत ते पुटपुटले, "सिस्टर, वातावरण बिघडलंय. राहू दे आज."

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांची नाकं, तीस वर्षांची भोकाडं, तीस वर्षांच्या आया त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. त्यांनी डॉक्टरांची बाही परत वर सरकवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ते बघा, वर बदक!"

डॉक्टरांनी वर पाहिलं!

"आई गं ऽऽऽ!"

ती आरोळी अशी होती की तीनशे पोरं रडायची थांबली. डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बदकाकडे बघत होते.

दात पडलेली मुलगी पुढे आली. "दुखलं?"

डॉक्टरांनी मुंगीला हाक मारायचा प्रयत्न केला. मुंगी आली नाही. "दुखलं," ते म्हणाले. "खूप दुखलं!"

चाळीस वर्षांत या गावाला त्यांनी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. मुलीने त्यांचं बोट धरलं. "मोजा माझ्याबरोबर. एक... दोन... तीन. गेलं?"

डॉक्टरांनी दंड चाचपून पाहिला. "गेलं," ते चकित होऊन म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा रडला, मोजले, गेलं! रांग लागली. समोरचीपुढे! दुपारपर्यंत तीनशे दंड टोचून झाले. डॉक्टर कोपऱ्यात दंड चोळत बसले होते. मुख्याध्यापिका जवळ आल्या तेव्हा डॉक्टरांना सगळं आधीच कळलेलं होतं.

"पाटीवर यापुढे समोरच्या बाईंचं नाव राहील, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही दर वर्षी यायचं हं! तुमच्याशिवाय जमणार नाही."

डॉक्टरांची मान एकदम वर झाली. "येतो ना! बदक आणतो."

"बदक नको. आणि टोचायला नाही, टोचून घ्यायला या. तुम्हाला रडताना बघून पोरांना फार धीर आला."

दुसरा एखादा माणूस यातून काही शिकला असता. सोमवारी दवाखान्यात एक बाप मुलाला घेऊन आला, तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून सांगत होते, "शाळा ना? अहो, मला सोडायलाच तयार नाहीत! मुख्याध्यापिका स्वतः म्हणाल्या, दर वर्षी तुम्हीच यायचं, तुमच्याशिवाय जमणार नाही!"

सिस्टर कापसाचे बोळे करत उभ्या होत्या. टेबलावर झोपवलेल्या मुलाने मान वळवली.

"कशाला बोलावलंय?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी घाईघाईने पट्टीवर पाय दिला. "ते बघ, वर बदक!"

प्यँक! बापाचा हात आपसूक डाव्या कुल्ल्यावर गेला. मुलगा मात्र डॉक्टरांकडेच बघत राहिला.