पुसलेला ध्रुव आणि भरलेलं आकाश

"मुलगी ठीक आहे हो, पण फोटोत आकाश फारच साधं आलंय."

असं सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. ऐकलं मात्र सुनेनं. ती बिळाच्या वळणाशी कंद सोलत बसली होती, आणि बिळात, मुलांनो, हळू बोललेलंच जास्त लांब जातं.

"आकाशाचं काय एवढं," सासरे म्हणाले, "ते सुधारता येतं. सुनेचं बघू सावकाश."

सुनेनं पुढचा कंद उचलला.

तर एका जंगलात, म्हणजे जिथे राजा अजून सिंहच असतो पण फोटो काढायला सगळ्यांकडे मोबाइल असतो अशा एका जंगलात, हे साळिंदरांचं कुटुंब राहत होतं. घर मानाचं. सून नवी. तिचं नाव शर्वरी. बोलायची कमी, बघायची जास्त. सासरी हा गुण समजला जातो, कारण ती काय बघते हे कुणी विचारत नाही.

साळिंदरांची लग्नं रात्रीच लागतात. लग्न लागलं की नवऱ्यानं नवरीला ध्रुव दाखवायचा, अशी त्यांची रीत आहे. ध्रुव जागचा हलत नाही, तशी सूनही हलू नये, असा त्याचा अर्थ. मुलानं हललेलं चालतं.

शर्वरीच्या लग्नात नेमकं आभाळ भरून आलं होतं. मिहीरनं, म्हणजे नवऱ्यानं, मोठ्या रुबाबात पंजा वर केला आणि काजवा दाखवला. शर्वरीनं त्याचा पंजा हलकेच डावीकडे वळवला. तिथे ढगाला भोक पडलं होतं आणि त्यात एकच तारा होता. मिहीर हसला. तेवढ्यात धाकट्या दिरानं, ओजसनं, फोटो काढला.

फोटो काळाकुट्ट आला. खाली दोन साळिंदरं, दोन पंजे, आणि वर एवढासा ठिपका. शर्वरीला फार आवडला.

पण लग्नानंतरच्या पूजेला सगळं जंगल जेवायला यायचं होतं आणि फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा होता. ओजस कामाला लागला. आधी त्यानं काळोख उजळला. मग काळोखात उमटलेले रवाळ दाणे घालवले. शर्वरी चहा घेऊन गेली तेव्हा तो पडद्यावर नाक टेकवून काहीतरी घासत होता.

"वहिनी, लेन्सवर केवढी धूळ होती बघा. हा ठिपका केव्हापासून त्रास देत होता. गेला एकदाचा!"

शर्वरीनं बघितलं. ध्रुव गेला होता.

"भाऊजी, तो तारा होता."

"एकच? छे! थांबा, आता तुम्हाला तारे दाखवतो."

मावसकाका वाळवंटात सहलीला गेले होते. तिथलं आकाश त्यानं काकांच्या फोटोतून उचललं आणि इथे पसरलं. मधोमध आकाशगंगा, जशी कढईतून दूध उतू जावं. सासूबाई बघायला आल्या.

"अजून थोडे घाल रे. त्या कोपऱ्यात मोकळं वाटतंय."

घातले.

"आता पंजे कुठे दाखवतायत?" शर्वरीनं विचारलं.

"एवढे तारे आहेत, वहिनी. कुठेही दाखवले तरी लागतोच एखादा."

मग खरी अडचण आली. मुलांनो, सपाट पाठीचा प्राणी असला की त्याच्यामागचं आकाश बदलणं सोपं असतं. साळिंदराच्या पाठीवर काटे असतात आणि प्रत्येक दोन काट्यांच्या फटीत जुनं, साधं आकाश अडकून बसतं. ओजसनं पुष्कळ खटपट केली. दर काट्याभोवती पांढरी कड उमटायला लागली, जशी देवाच्या तसबिरीत डोक्यामागे असते.

"मिहीरदादाचे जमले कसेबसे," तो म्हणाला, "पण वहिनी, तुमचे फारच आहेत हो. काढून टाकू?"

"काढ," सासूबाई म्हणाल्या. "कशी मऊ दिसेल!"

शर्वरीनं मिहीरकडे पाहिलं.

"आईला आवडलंय ना," मिहीर म्हणाला, "मग राहू दे. फोटोतच तर आहे."

फोटो भिंतीवर लागला आणि जंगलाच्या ग्रुपवरही गेला. सगळ्यांत पहिला बदाम टाकला शेजारच्या डोंगरावरच्या बिबटेरावांनी. खाली लिहिलं, "फारच गोड सून! प्रत्यक्ष भेटीची ओढ लागली आहे." सासऱ्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. एरवी बिबटेराव कधी साळिंदरांच्या दारात फिरकत नसत. आता स्वतःहून येतो म्हणतात, म्हणजे घराची केवढी शोभा!

पूजेच्या संध्याकाळी पाहुणे आले. ससेकाकूंनी फोटोकडे बघितलं, शर्वरीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"ही कोण गं, सुनेची बहीण का?"

सासूबाईंचा चेहरा पडला. "तीच आहे हो. फोटोत जरा आवरून बसलीय."

तेवढ्यात बिबटेराव आले. हातात शहाळं, तोंडाला पाणी.

"सूनबाई कुठायत? वाकून नमस्कार करू द्या की त्यांना."

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "मोठे आहेत."

शर्वरी पुढे झाली. वाकायला लागली तसा तिच्या मानेवर गरम श्वास आला. जेवणाआधीचा श्वास होता तो. एवढं तिला माहेरपासूनच कळत होतं. ती झटकन वळली, पाठ केली, आणि सगळे काटे एकदम उभे राहिले. शेपटी खुळखुळली. बिबटेराव पुढे झेपावलेलेच होते. ते सरळ नाकानं काट्यांत गेले.

"आई गं!" बिबटेराव ओरडले. "ही शुद्ध फसवणूक आहे! फोटोत हे नव्हतं!"

नाकात काटा आणि बगलेत शहाळं घेऊन ते दारात थयथय नाचायला लागले. ससेकाकू पाटाखाली शिरल्या. मिहीर शर्वरीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

सासूबाई हात जोडून बिबटेरावांच्या मागे धावल्या. "चुकलं हो आमचं! फोटोतले काढले, घरातले काढायचे राहून गेले. ओजस, कात्री आण रे! तुम्ही बसा, आत्ता करून देते."

ओजसनं खरंच कात्री आणली.

सगळे शर्वरीकडे बघायला लागले. ती इतके दिवस गप्प होती, की तिचा आवाज कसा आहे हे ससेकाकूंना पाटाखाली पहिल्यांदाच कळलं.

"आई, आकाशात हवे तेवढे तारे घाला, मी काही म्हणणार नाही. पण माझ्या पाठीला कात्री लावायची नाही. आणि भाऊजी, ती कात्री ठेवा खाली, आणि धूळ म्हणून पुसलात तो आमचा ध्रुव आधी जागेवर आणून लावा."

तात्पर्य: मुलांनो, कुठलंही काम अर्धवट सोडू नये. फोटोतलं आकाश सुधारलं, की घरातली सूनही त्याच मापाची कापून घ्यावी. नाहीतर पाहुण्यांच्या नाकाला इजा होते, आणि चार चांगले बिबटे आपल्याकडे यायचे बंद होतात.