बोरनाल्याची पूररेषा आणि धोंडबाची छाती

पाण्याला नकाशा वाचता येत नाही, ही शासनापुढची फार जुनी अडचण आहे. म्हणून पाणी कुठपर्यंत येईल हा निर्णय पाण्यावर न सोडता शासनाने तो स्वतःकडे घेतला आणि त्यासाठी नागपुरात 'नाले पूररेषा निश्चिती कक्ष' उघडला. (कक्ष तळमजल्यावर होता. पावसाळ्यात तो वरच्या मजल्यावर राहायला जाई.)

१९७४ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या पार्सल कचेरीतले कारकून गिरिधरराव या कक्षात आले. त्यांचे घरमालक भैयाजी यांनी मुलाचे लग्न ठरवले होते, आणि त्याच बैठकीत सुनेसाठी गिरिधररावांच्या दोन खोल्याही ठरवल्या होत्या. "दसऱ्यापर्यंत मोकळं करून द्या, बाबूजी," असे ते रोज सकाळी हात जोडून सांगत. हात जोडणाऱ्या घरमालकाशी भांडता येत नाही. गिरिधररावांचा कळमन्याच्या वाटेवर, बोरनाल्याकाठी एक प्लॉट होता. पण तो पूररेषेबाहेर असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तिथे एक वीटही ठेवता येणार नव्हती.

"दाखल्याला काहीच अडचण नाही," कक्षाचे सर्वेक्षक गोपाळराव म्हणाले. "फक्त धोंडबाची तब्येत बरी पाहिजे."

गिरिधररावांनी धोंडबा कोण ते विचारले, आणि गोपाळरावांनी खुर्ची पुढे सरकवली.

पंधरा वर्षांपूर्वी बोरनाल्याला मोठा पूर आला, तेव्हा मोजणीची टेप पुरात वाहून गेली. पंचनामा तर थांबवता येत नव्हता. म्हणून पुलाजवळच्या दगडावर उभ्या असलेल्या गावच्या कोतवालाकडे पाहून तेव्हाच्या साहेबांनी लिहिले : 'पाणी धोंडबा याच्या छातीपर्यंत.' हा पंचनामा वरपर्यंत मंजूर झाला. पुढे कोणीतरी ही उंची फुटांत लिहावी असे सुचवले. पण त्यासाठी धोंडबाला मोजावे लागले असते, आणि माणूस मोजणे हे आरोग्य खात्याचे काम आहे.

तेव्हापासून पद्धत ठरून गेली होती. कोणाचाही अर्ज आला की धोंडबाला सायकलरिक्षाने आणून त्याच दगडावर उभे करायचे. गोपाळरावांनी दुर्बीण त्याच्या बंडीच्या दुसऱ्या बटणाशी जुळवायची आणि तिथून सरळ प्लॉटकडे पाहायचे. प्लॉट बटणाच्या वर असेल तर पूररेषेबाहेर, खाली असेल तर आत. पद्धत बिनचूक होती. तिच्यात उणीव एवढीच, की बटण धोंडबाच्या अंगावर होते आणि धोंडबाचे वय होत होते.

तो जसजसा वाकत गेला तसतसा नाल्याचा पूरही समजूतदार होत गेला. ज्या वर्षी त्याचे गुडघे धरले, त्या वर्षी प्लॉट पाडून विकायला काढलेला एक अख्खा लेआउट पाण्याबाहेर आला. पुढे त्याला दमा झाला, तेव्हा अकरा प्लॉट असे निघाले की ते त्याने श्वास घेतला की पूररेषेत जात आणि सोडला की बाहेर येत. (कक्षाने सर्व निर्णय श्वास सोडल्यावर दिले. कक्ष लोकाभिमुख होता.) लेआउटवाले त्याला पेढे पाठवत आणि बसायला ठेंगणी बाज देत. उलट पूरग्रस्तांना मदत वाटायची असली की वस्तीतले लोक त्याच्या पाठीला तेल चोळून त्याला ताठ उभा करत. या सगळ्यात धोंडबाची पाठ सोडून कोणाचेच काही दुखत नसे.

ठरल्या दिवशी गिरिधरराव आणि त्यांच्या पत्नी यमुताई पुलाजवळ हजर झाले. धोंडबा दगडावर चढला. गोपाळरावांनी दुर्बीण लावली आणि मान हलवली.

"आत जातो. दोन बोटं."

गिरिधररावांच्या डोळ्यांसमोर भैयाजींचे जोडलेले हात आले. "धोंडबा, आज एवढा ताठ काहून गा?"

"नवी बंडी हाय, बाबूजी. लेकीनं बटन जरा वरतं लावलं."

"साहेब, हे बटण नवीन आहे!"

"बटणाच्या जागेबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही," गोपाळराव म्हणाले.

गिरिधररावांना दुसरे काही सुचले नाही. त्यांनी पुढे होऊन धोंडबाचे पाय धरले. एवढा रेल्वेतला माणूस पाया पडतो म्हटल्यावर धोंडबा गडबडला आणि कोणीही वडीलधारा माणूस करतो तेच त्याने केले. वाकून त्यांना खांद्याला धरून उठवू लागला.

"असंच राहा!" गोपाळराव दुर्बिणीतून ओरडले. "बाहेर! चांगला हातभर बाहेर."

"अजी," यमुताई म्हणाल्या, "आपण पाया पडलो त हा बुढा वाकला. पानी बी वाकन काय?"

"तू चूप राह्य वं," गिरिधरराव धोंडबाचे पाय न सोडता म्हणाले. "साहेब लिहून राहिले."

दसऱ्याला नव्या घरात दूध उतू गेले. भैयाजी येऊन जेवून गेले.

पुढच्या श्रावणात पाणी आले. सकाळी गोपाळराव नावेतून पंचनाम्याला आले. कक्ष वरच्या मजल्यावर गेला तरी टेप तळमजल्यावरच राहिल्यामुळे पाण्यात होती आणि धोंडबा लेकीकडे रामटेकला होता. यमुताई स्टोव्ह घेऊन माळ्यावर बसल्या होत्या. गिरिधरराव बैठकीच्या खोलीत उभे होते. गोपाळरावांनी खिडकीतून त्यांना नीट पाहिले आणि लिहिले : 'पाणी गिरिधरराव यांच्या छातीपर्यंत.'

"साहेब!" माळ्यावरून यमुताई ओरडल्या. "ते पेटीवर उभे हायेत! मोठ्या लोखंडी पेटीवर! पेटी बी लिवा!"

"पेटी ही जंगम मालमत्ता आहे, वहिनी. तिची नोंद पूररेषेत होत नाही."

"मंग माह्या घरात हे पानी काहून आलं?"

"घराला दाखला आहे," गोपाळराव शांतपणे म्हणाले. "त्यामुळे आतलं पाणी अनधिकृत धरलं जाईल."

निघताना त्यांनी गिरिधररावांना शासनातर्फे विनंती केली, की आता बदली घेऊ नये, घर सोडू नये आणि तब्येतीला जपावे. अशा रीतीने गिरिधररावांना असे घर मिळाले, ज्यातून त्यांना कोणीही बाहेर काढू शकत नव्हते. त्यात त्यांचाही समावेश होता.

पाणी ओसरल्यावर नवी मोजणी त्यांच्या बैठकीच्या खोलीत झाली. ते फरशीवर उभे राहिले. त्यामुळे पुरात बुडालेली पेटीच्या उंचीएवढी जमीन एका दुपारीत पूररेषेबाहेर आली. दिवाळीच्या आत भैयाजी प्लॉट बघायला आले, कारण सून आणि सासू एका घरात राहीनात. आल्याबरोबर त्यांनी गिरिधररावांचे पाय धरले. गिरिधरराव वाकले.

त्या जमिनीवर पडलेला नवा लेआउट आठवड्यात संपला. घेणाऱ्यांनी नळ कधी येणार ते विचारले, बस किती लांब आहे ते विचारले, समोरचे कडुनिंबाचे झाड तोडता येईल का तेही विचारले. पूररेषेचा दाखला पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली. दाखल्यातली छाती कोणाची, हे कोणी विचारले नाही; तुमचे घर घेताना तुम्हीही विचारले नाही.

हरकत नाही. घरात एखादी पेटी असेलच.