कांदेपाहणी

“गंडा लगाया? और मेरे मुँह पे बोलती है?”

वामनराव इंगळे असे ओरडले, की सुखना तलावावरची परदेशी बदकं त्या वर्षी वेळेआधीच सायबेरियाला निघून गेली. मी त्यांचा शेजारी, विद्यापीठात मास्तर. त्यांचा विसरलेला डबा द्यायला त्यांच्या शेती खात्याच्या कचेरीत गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांदेखत पाहिलं. समोर खेड्यातली एक बेबे उभी होती. कांद्याच्या बियाण्याचं सरकारी अनुदान मागायला आलेली म्हातारी ‘गंडे लावलेत’ असं सरळ पंजाबीत सांगत होती. पंजाबीत गंडे म्हणजे कांदे. निफाडहून नव्यानेच पंजाबात आलेल्या इंगळ्यांना गंडा ठाऊक होता तो फक्त घालायचा. शिपायाने अर्थ सांगितल्यावर त्यांनी बेबेला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण भिंतीशी उभे राहिले, शाळेत राहतात तसे.

नियम असा होता, की साहेबाने शेतात उभं पीक पाहिल्याशिवाय अनुदान नाही. पण दिवस दहशतीचे. बेबेच्या गावाकडे बससुद्धा पाठ करून पळे. कचेरीतले लोक म्हणाले, इथेच बसून सही करा, नाहीतर नामंजूर लिहून मोकळे व्हा.

“न बघता हो म्हणणार नाही,” इंगळे म्हणाले, “आणि न बघता नाही तर मुळीच म्हणणार नाही.”

हे बोलणारा माणूस बाजारात कांद्याचा वास घेऊन त्याचं गाव सांगे, गावाबरोबर तलाठ्याचंही नाव सांगे. त्याच्याशी कोण वाद घालणार? बेबेचे कांदे उपटायच्या आत, ऐन उन्हात, ते स्कूटरवरून निघाले आणि मागे मला बसवलं. कारण काय, तर मास्तरांना पंजाबी येतं. मला येत होतं ते भाजीवाल्यापुरतं.

नाक्यावर जवानाने इंगळ्यांचा खिसा चाचपला. हाताला गोल, टणक काहीतरी लागलं. पुढच्या क्षणी सगळा नाका वाळूच्या पोत्यांमागे, मी गटारात आणि रस्त्यावर हात वर केलेले एकटे इंगळे. खिशात कांदा होता. ऊन बाधू नये म्हणून आपल्याकडे ठेवतात तसा. जवानाने तो बाहेर काढल्यावर इंगळे दुखावल्या आवाजात म्हणाले, “दबाना मत जी, खराब हो जाएगा.”

 बेबेच्या शेतात वाफ्यावाफ्यातून बसत, माती हुंगत ते फिरले. बेबेचा मुलगा वर्षापूर्वी घरातून गेला होता. आपणहून गेला की कुणी नेला, हे विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून गावातलं कुणी तिच्या दाराशी थांबत नसे. ती चहा ओतत होती, इंगळ्यांना ‘पुत्त, पुत्त’, बाळा, बाळा म्हणत बोलत होती. त्यातलं निम्मं इंगळ्यांना कळलं नाही, मलाही नाही. ते मान हलवत राहिले. निघताना म्हणाले, पाहणी अपुरी आहे, पुन्हा यावं लागेल.

अनुदान मंजूर झालं, बेबेच्या हाती पडलं, कांदे उपटून झाले. तरी त्यानंतरच्या रविवारी इंगळे स्कूटर पुसत होते.

मी वरच्या गॅलरीतून ओरडलो, “अहो, शेतात आता नुसती ढेकळं आहेत. काय बघणार तिथे?”

“ढेकळं,” इंगळे म्हणाले.