संडासातली टांकसाळ

संडास तुंबला तेव्हा दादासाहेब पेपर काखेत मारून आत शिरण्याच्या बेतात होते. खालच्या मजल्यावर संडास एकच. बायकोनं तातडीनं प्लंबरला बोलावलं, त्यानं लादी फोडली, आणि खड्ड्यातून पाइपाऐवजी भलतंच काय काय वर यायला लागलं. करपलेल्या मातीच्या वाट्या, वितळलेल्या धातूचा मळ आणि एक लोखंडी ठोकळा. ठोकळ्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली होती.

"जुनं भंगार दिसतंय," प्लंबर म्हणाला. "टाकतो बाजूला, पाइप बदलतो, वर सिमेंट मारतो. उद्यापासून मोकळे व्हा."

"खबरदार हात लावशील तर!" दादासाहेब गरजले. "हा नाणी पाडायचा ठसा आहे. आमच्या घराण्याची टांकसाळ होती इथं!"

त्या क्षणापर्यंत अशी टांकसाळ दादासाहेबांच्या स्वप्नातही आलेली नव्हती. पण घराण्याचा विषय निघाला, की उचलली जीभ लावली टाळ्याला. हे घर आमचं सात पिढ्यांचं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला तर फारच. तो जागा सोडत नव्हता, म्हणून दोघांचं बोलणंही बंद होतं.

"अहो, घराणं गेलं खड्ड्यात, आधी संडासाचं बघा," बायको कळवळून म्हणाली. तोवर दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्याला फोन लावला होता.

खात्याच्या मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांनी संडासाच्या दाराला दोरी बांधली, आत बैठक मारली आणि दात घासायच्या ब्रशनं माती झाडायला लागल्या.

"हे साधारण कधी आटपेल?" दादासाहेबांनी विचारलं.

"इतिहासाला घाई चालत नाही."

"इतिहासाला नाही हो, मला आहे! पाचच मिनिटं बाहेर थांबता का?"

मॅडमनी मानही वर केली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे दादासाहेब पोट धरून जिना चढले आणि भाडेकरूचं दार ठोठावलं.

"कोण?"

"मी. मालक."

"मालकांचं आमच्याशी बोलणं बंद आहे."

"अरे बाबा, बोलायला नाही आलो!"

दार फटीएवढं उघडलं. "नळाला दिवसभर पाणी सोडायचं. जिन्यात दिवा लावायचा. आणि जागा खाली कर, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

"कबूल! सगळं कबूल! तू आधी बाजूला हो!"

एवढी नामुष्की झाली तरी दादासाहेबांचा रुबाब काही उतरला नाही. पेपरवाले आले, तर संडासाच्या दारात छाती काढून फोटो दिला. "राजाचा आमच्या पूर्वजांवर भारी विश्वास," असंही ठोकून दिलं. अख्खी गल्ली बघायला लोटली. भाडेकरू जिन्यावर बसून मजा बघायचा.

मग एके सकाळी मॅडमनी पेपरवाल्यांना पुन्हा बोलावलं.

"टांकसाळ एका राजाची असते. इथं तीन राजांचे ठसे निघालेत, आणि ते तिघं एकमेकांचे हाडवैरी. मातीत सापडलेल्या नाण्यांना वरून चांदीचा मुलामा, आत निव्वळ तांबं. ही खोटी नाणी पाडायची जागा होती."

गल्ली खो-खो हसली. एका पेपरवाल्यानं विचारलं, "म्हणजे दादासाहेब, तुमचे पूर्वज चोर?"

दादासाहेब दोन्ही हात झटकत पुढं आले. घराण्याची अब्रू अशी चव्हाट्यावर! "छे छे, आमचे कुठले? हे घर माझ्या वडिलांनी विकत घेतलंय! याच्या आजोबांकडून!" त्यांनी भाडेकरूकडे बोट दाखवलं. "आधीपासून याचेच लोक राहायचे इथं!"

"अगं बाई!" बायको किंचाळली. "मग लग्न झाल्यापासून मी ऐकतेय त्या सात पिढ्या कुणाच्या?"

"तू गप्प बस गं!"

पण मॅडमचे डोळे लकाकले होते. "खऱ्या टांकसाळी आम्हाला पुष्कळ सापडतात. चोरांची, अशी सगळ्या सामानासकट, मी आजवर एकही पाहिलेली नाही! या जागेला त्याच घराण्याचं नाव देऊ. बाहेर मोठी पाटी लागेल. काय नाव म्हणालात तुमचं?"

हा प्रश्न भाडेकरूला होता. सगळे कॅमेरे दादासाहेबांना वळसा घालून जिन्याकडे धावले.

"तीन तीन राजांना एकदम टोपी घालायची म्हणजे खायचं काम नाही," भाडेकरू केसांवरून हात फिरवत म्हणाला. "आमच्या रक्तातच आहे ते."

"तसं आमचं पण लांबून काहीतरी नातं..." दादासाहेबांनी तोंड घातलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जाता जाता मॅडमनी एवढंच सांगितलं, की उद्यापासून स्वयंपाकघरही खणावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब वरच्या मजल्यावर बंद दारासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"अरे, आटप की लवकर! जीव चाललाय माझा!"

"थांबा हो," आतून शांत आवाज आला. "पूर्वजांचं घर आहे आमचं. जरा निवांत बसू द्या."