पाय सुटतो का?

साळुंकेनाना घराला कुलूप लावत, कोपऱ्यापर्यंत चालत जात आणि तिथून झपाझप परत येऊन ते पुन्हा ओढून बघत. लावताना ओढलेलं असायचंच. पण नानांचं म्हणणं असं, की तोंडावर सगळेच नीट वागतात. पाठ फिरल्यावर कोण काय करतं ते बघायचं. त्यामुळे कुलपालाही ते गाफील गाठत.

पुंडलिकनगरात त्यांची आणि आमची भिंत एक. नानांची उभी हयात जकात नाक्यावर गेलेली. कडब्याची गाडी आली तरी त्यात लोखंडी सळई खुपसून आत काय दडवलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. पुढे जकात बंद झाली, नाके उठले, नानाही निवृत्त झाले. पण खुपसण्याची सवय काही गेली नाही. "तपासल्याबिगर पुढं नाय," हे वाक्य ते दूधवाल्यापासून देवळाच्या वर्गणीपर्यंत सगळ्यांना ऐकवत.

दुष्काळाची वर्षं होती. एकीकडे बायपासला नव्या इमारती उठत होत्या आणि दुसरीकडे आमच्या बोअरमधून नुसती हवा येत होती. सगळी भिस्त टँकरवर. टँकर आला की नाना शिडीने वर चढून आत वेळूची काठी बुडवत आणि ओल कुठवर लागली ते बघत. "नानाजी, पानी है, सोना नहीं," ड्रायव्हर वैतागायचा. "सोनं असतं तर येवढं बघितलं नसतं," असं म्हणून नाना काठी पुन्हा बुडवत.

माझ्यावरही त्यांची नजर होती. एकदा भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, सगळी गल्ली वाळून चाललीय. तुमची कर्दळच हिरवी कामून?"

"तांदूळ धुतलेलं पाणी घालते, नाना."

"येवढा भात खाता व्हय तुम्ही?"

आणि त्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी हा माणूस साखर मागायला आला. वाटी माझ्याकडे पुढे केलेली, नजर आमच्या ताटांवर. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! साखर दिली, पण सपाट वाटी दिली.

घरात नाना आणि त्यांची मुलगी मंजू, दोघंच. मंजूची आई ती लहान असतानाच अपघातात गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही नंतर राहायला आलो आणि नानांना कुणी काही विचारत नसे, कारण प्रश्न विचारणं हे त्यांचं खातं होतं. मंजू चितेगावच्या एका कंपनीत होती. हुशार, बोलायला चटपटीत. तिने स्वतःच्या पगारातून एक हलकीफूल सायकल आणली आणि गल्ली बघायला जमली. त्या सायकलीला पेडल म्हणून साबणाच्या वडीएवढा तुकडा होता. मंजूच्या बुटांच्या तळव्याला लोखंडी पट्टी होती. बूट तुकड्यावर दाबला, खट्ट आवाज झाला, पाय अडकला.

"सोडून दाखव," नाना म्हणाले.

मंजूने टाच बाहेर फिरवली. पाय सुटला.

"आता गाडी अंगावर आल्यावर सोडून दाखव."

"नाना, गाडी कुठून आणू आता?"

"नाव काय म्हनलीस ह्या पेडलचं?"

"क्लिपलेस. म्हणजे क्लिप नसलेलं."

"आन् पाय तर धरून ठेवलाय! नावातच लबाडी हाय. ह्याच्यामागं कोण हाय?"

हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. भाव वाढले, वीज गेली, मांजर व्यालं, तरी ह्याच्यामागं कोण हाय. पण या वेळी गल्लीलाही वाटलं, की मागे कुणीतरी असणार. रविवारी पहाटे सायकलवाल्यांचा घोळका निघायचा, त्यात पोरंही होती. तरणीताठी मुलगी, पगारदार, भल्या पहाटे बाहेर पडते. बापाच्या मनात काय येणार ते उघड होतं.

त्यातच घोळक्याचं ठरलं, की दौलताबादचा घाट चढून देवगाव रंगारीला जायचं आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचं. देवगाव रंगारी हे साळुंक्यांचं मूळ गाव. मंजूने तर ध्यासच घेतला. "काकू, गावाला दर वेळी एसटीत कोंबून जाते. एकदा माझ्या पायांनी जाऊ दे की!"

नानांनी सायकलीला साखळी घातली आणि ती खिडकीच्या गजाला बांधून टाकली. "तपासल्याबिगर पुढं नाय."

मंजू तणतणत माझ्याकडे आली. "कंपनीत मी अख्खी लाईन सांभाळते, आणि घरी माझी सायकल म्हशीसारखी बांधून ठेवलीय! यांनी जाऊ दिलं नाही ना काकू, तर मी चितेगावलाच खोली घेऊन राहीन. सांगून ठेवते." तिचा बाप भिंतीपलीकडे उभा होता. त्याला ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्याने बोलत होती.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतःसाठी तसलेच बूट घेऊन आले.

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. साठी उलटलेला माणूस पट्टीचे बूट कशाला घेतो? आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "मागावर जाणार. पोरगी कुणाबरोबर जाते ते बघायला." मला पटलं. इतकं पटलं, की मी दोघी-तिघींना सांगूनही टाकलं.

बापलेक एका उंचीचे, त्यामुळे साखळी सोडून काढलेली मंजूचीच सायकल नानांना बसली. आणि सायकल काही त्यांना नवी नव्हती. नाक्यावर जन्मभर काळ्या, जड सायकलीवर गेलेले. घोटाळा तिथेच झाला. जुन्या माणसांची चढायची रीत म्हणजे डावा पाय पेडलवर, उजव्याने लंगडी, मग मागून टांग. उतरायची रीत तीच, उलटी. नानांचा डावा पाय खट्ट करून अडकायचा आणि मग ते लंगडी घालत सबंध गल्ली पार करायचे. बसायचे कसेबसे. उतरताना उजवी टांग ऐटीत मागून आणायचे, जमिनीवर उडी घ्यायला जायचे आणि डावा पाय जागचा हलायचा नाही. मग नाना आणि सायकल दोघं सावकाश डावीकडे निजायचे.

"फसवलं!" नाना खालूनच ओरडायचे. कुणी फसवलं ते सांगायचे नाहीत.

एकदा टँकरची रांग लागली होती. हंडे, ड्रम, बादल्या, बायामाणसं, आणि त्यात बादली घेऊन उभे असलेले म्हातारे जोशी गुरुजी, नानांना शाळेत शिकवलेले. समोरून नाना आले. आता गुरुजी समोर उभे आणि आपण सायकलवर बसून पुढे जायचं, हे त्या पिढीच्या हातून व्हायचं नाही. वडीलधारं माणूस दिसलं की उतरायचं. नाना उतरले. म्हणजे उजवा पाय उतरला. बाकीचे नाना दोन ड्रम आडवे करत थेट गुरुजींच्या चपलांवर आले.

"असू दे, असू दे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी नानांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा."

रांग हसून हसून बेजार झाली. सांडलेल्या पाण्याचं कुणाला भानही राहिलं नाही. दुष्काळात असं फार क्वचित घडलं असेल. मीही डोळ्यांना पदर लावला होता.

त्यानंतर नाना गल्लीत दिसेनासे झाले. आमच्यामागे एक प्लॉट होता. पाया आखलेला, पण पाण्यावाचून बांधकाम अडलेलं, माती मोकळी. तिथे ते जाऊ लागले. मी गच्चीवर वाळवण घालायच्या निमित्ताने डोकावले. त्यांची चढण्या-उतरण्याची जुनी रीत आता मोडली होती. टाच फिरवून पाय झकास सोडायचे. तरीही ते पडायचेच. सरळ चाललेले नाना मध्येच हँडल वाकडं करायचे आणि धप्पकन आडवे व्हायचे. उठायचे, माती झटकायचे, पुन्हा तेच. मला काहीच कळेना. अखेर त्यांचं मनगट मोडलं.

मी खिचडीचा डबा घेऊन गेले. मंजू कामावर होती. प्लास्टर मांडीवर ठेवून नाना बसले होते. डबा उघडून आधी वास घेतला. "हिंग जास्त कामून?"

माझा बांध फुटला. "नाना, पुरे झालं आता! पोरीच्या मागावर जायला हाडं मोडून घ्यायची? विचारा ना तिला सरळ, आहे का कुणी म्हणून."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "मागावर? असंल कुनी तर असू द्या की. चांगलंच हाय."

"मग हे सगळं कशाला?"

नानांनी डबा जरा बाजूला सरकवला. मग खिचडीकडे बघतच बोलले. "वहिनी, मंजूची आई माझ्या स्कूटरवर मागं बसली होती. पैठण रोडला. पदर चाकात गेला. मी ब्रेक दाबला, गाडी जाग्यावर थांबवली. पन पदर सुटंना. मी हातानं वढला, दातानं वढला. नाय सुटला." त्यांनी झाकण लावलं. "मंजू म्हनती पाय सुटतो. जानारं मानूस तसंच म्हननार. उभ्यानं सुटतो ते मीबी बघितलं. पडताना सुटतो का, ते पडल्याबिगर कसं कळंल? पयल्यांदा अडानीपनानं पडलो. नंतरचं समदं मुद्दाम."

गल्लीभर मी काय सांगत सुटले होते, ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग?" मी कसंबसं विचारलं. "सुटतो का?"

"लई येळा सुटतो," नाना म्हणाले. "समद्या येळा नाय."

त्या शनिवारी साखळी मात्र कायमची निघाली. रविवारी पहाटे मंजू गेली. घोळक्याच्या मागे नाना गेले नाहीत. दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसले. मी दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा न हुंगता प्यायले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

दुपार कलताना मंजू आली. तोंड लालबुंद, अंगावर मिठाचे डाग, पण हसू मावत नव्हतं. नानांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सायकल ओढून घेतली आणि एका हाताने चाकं फिरवून बघू लागले. मंजू भिंतीपाशी आली, माझ्या हातून पाण्याचा तांब्या घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, घाटात दोनदा पाय आपोआप सुटला. पडता पडता वाचले. बघितलं तर दोन्ही पेडलचे स्क्रू पार ढिले. ते ढिले असले ना, की पाय जरा हलला तरी निघतो. मी कधी हात लावला नव्हता त्यांना."

"नानांनी?"

"आणखी कोण? एका हाताने, प्लास्टर घालून."

"मग आवळलेस की नाही?"

मंजूने खिशातून स्क्रू आवळायची छोटी किल्ली काढून मला दाखवली आणि परत ठेवून दिली. "सगळे म्हणाले आवळ म्हणून. नाही आवळले. चढावर त्रास होतो थोडा," ती म्हणाली. "होऊ दे."